पडद्यामागचा सॅक्सोफोन

वरूडकडे संत्र्यांचा मृगबहार उतरून लग्नसराई सुरू झाली, कीं बँडवाल्यांना उसंत म्हणून मिळत नाहीं. गेल्या वैशाखांत तेथील एका वरातीपुढें एक प्रौढ वादक 'आराधना' चित्रपटांतील त्या पावसाळी रात्रीचें प्रसिद्ध गाणें सॅक्सोफोनवर मोठ्या तन्मयतेनें वाजवीत होता. वरात थांबली तेव्हां मीं त्याला विचारलें, "मूळ गाण्यांत हें कोणीं वाजविलें, ठाऊक आहे का?"

"किशोरकुमारचं गाणं हाय ना जी थे."

"गायिलें त्यांनीं, पण वाजविलें कोणीं?"

तो हंसला. "वाजवनाऱ्याचं नाव कोन सांगते जी?"

हें उत्तर माझ्या मनाला लागलें. तें स्वतः वाजविणाऱ्यानेंच द्यावें, यांत त्या धंद्याची सारी कहाणी आली. तें नांव मनोहारी सिंह. त्यांच्याविषयीं व त्यांच्या व्यवसायाविषयीं आज चार शब्द सांगावे, असा विचार आहे.

प्रथम वाद्याविषयीं. बेल्जममधील दिनां या गांवीं १८१४ सालीं जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स यानें तें घडविलें आणि १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. वाद्य पितळेचें, तरीहि त्याची गणना लांकडी सुषिर वाद्यांत होते. कारण त्याचा नाद धातूंत जन्मत नाहीं. तो मुखाशीं बसविलेल्या बोरूसारख्या वेताच्या पातळ पट्टींत जन्मतो. आपल्या सनईचा नादहि असाच पत्तींतून निघतो, आणि तिचीहि नळी शंकूप्रमाणें रुंदावत जाते. ओठांचा दाब कमीअधिक करून सॅक्सोफोनचा स्वर किंचित् वाकवितां येतो. मींडेची संवय असलेल्या आपल्या कानांना हें विलायती वाद्य लवकर जवळचें वाटलें, याचें एक कारण हें असावें.

हिंदुस्थानांत या वाद्याचे आश्रयस्थान प्रथम लष्करी बँड आणि नंतर मोठ्या हॉटेलांतील नृत्यगृहें हें होतें. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा अमेरिकन नीग्रो कलावंतांचा जाझवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. पुढें १९३९ पासून १९६० पर्यंत तेथील वृंदाचे नेतृत्व मिकी कोरिया यांच्याकडे होतें. या वृंदांतून गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा असे. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून त्यांना लहानपणींच पाश्चात्य स्वरलेखन अवगत होई. आमचे संगीत-दिग्दर्शक चाल गुणगुणत; ती कागदावर उतरवून पन्नास वादकांपुढें ठेवण्याचें काम ही मंडळी करीत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'ला १९५१ सालीं जो नवा ढंग लाभला, त्यांत त्यांचे साहाय्यक व ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा वांटा मोठा होता.

मनोहारी सिंह मात्र गोमंतकीय नव्हत. त्यांचा जन्म १९३१ सालीं कलकत्त्यास, बँडवादनाची परंपरा असलेल्या एका नेपाळी कुटुंबांत झाला. बाटानगर येथील पादत्राणांच्या कारखान्याच्या बँडमध्यें जोसेफ न्यूमन या हंगेरियन संचालकाच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. बांसरी, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन हीं वाद्यें त्यांना वश झालीं. सलील चौधरी यांच्या सल्ल्यानें १९५८ सालीं ते मुंबईस आले आणि त्याच वर्षीं सचिन देव बर्मन यांच्या 'सितारों से आगे' मध्यें वाजवूं लागले.

ध्वनिमुद्रणगृहांतील काम जाझच्या अगदीं उलट असतें. जाझमध्यें वादक एक चाल घेऊन आपल्या मनाप्रमाणें तिचा विस्तार करतो. आपल्या गवयाच्या आलापीप्रमाणें तेथें उत्स्फूर्तता हाच प्राण. मुद्रणगृहांत मात्र दोन ओळींच्या मधल्या आठदहा सेकंदांत सारें सांगून मोकळें व्हावें लागे. शिवाय त्या काळीं गायक व वाद्यवृंद एकाच वेळीं मुद्रित होत. एकाचा स्वर चुकला, कीं सर्वांनीं प्रारंभापासून पुन्हा वाजवावयाचें. अशा बंधनांत राहूनहि स्वर जणुं तत्क्षणीं सुचला असा भासविणें, हें मनोहारींचें वैशिष्ट्य. 'कश्मीर की कली' (१९६४) मध्यें ओ. पी. नय्यर यांनीं मद्याच्या धुंदींतील विषण्ण नायकाच्या गीतांत त्यांचा सॅक्सोफोन योजिला आहे. गायकाची ओळ संपतांच तो तिचें दुःख पुढें नेतो. 'आराधना'च्या (१९६९) त्या गाण्यांत त्यांच्या सॅक्सोफोनला केरसी लॉर्ड यांच्या ॲकॉर्डियनची साथ आहे.

१९६८ सालीं शंकर-जयकिशन यांनीं अकरा रागांवर 'राग-जाझ स्टाइल' ही ध्वनिमुद्रिका काढली. तींत रईस खां यांच्या सतारीबरोबर मनोहारींचा सॅक्सोफोन आहे. पुढें ते राहुल देव बर्मन यांचे विश्वासू साहाय्यक व वाद्यवृंद-संयोजक झाले. बासु चक्रवर्ती यांच्यासमवेत 'बासु-मनोहारी' या नांवानें त्यांनीं कांहीं चित्रपटांना स्वतंत्र संगीतहि दिलें. १३ जुलै २०१० रोजीं मुंबईस त्यांचे निधन झालें.

मनोहारींचें नांव निदान जाणत्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मागील खुर्च्यांवर बसलेल्या शेंकडों वादकांचें काय? ध्वनिमुद्रिकेच्या मध्यभागीं असलेल्या वाटोळ्या कागदावर पन्नास नांवें मावत नव्हतीं, हें खरें. चाल संगीतकाराची असते, हेंहि खरें. परंतु आज जागेची सबब उरलेली नाहीं.

आपल्या कॉपीराइटच्या कायद्यांत कलावंताचे हक्क १९९४ सालीं आले. २०१२ च्या दुरुस्तीनें कलावंत म्हणून आपली ओळख सांगितली जावी, हा हक्कहि मान्य झाला. पण त्याच दुरुस्तीनें असेंहि ठरविलें, कीं चित्रपटांत ज्याचा सहभाग केवळ प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणें ज्याचें नांव कोठेंहि दिलें जात नाहीं, त्याला बहुतेक बाबतींत कलावंत समजूं नये. म्हणजे आजवर नांव घेतलें नाहीं, हेंच पुढें न घेण्याचें निमित्त होऊं शकतें. वरील गीतांतून सॅक्सोफोन वगळून तीं मनांतल्या मनांत ऐकून पाहावीं. मग तो प्रासंगिक होता कीं नव्हता, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

वरूडच्या त्या वादकाला मीं नांव सांगितलें. त्यानें तें दोनदां उच्चारून पाहिलें, पट्टी ओठांनीं ओली केली आणि वरात पुढें निघतांच तेंच गाणें पुन्हा सुरू केलें. त्याचें स्वतःचें नांव विचारावयाचें मात्र मीहि विसरलों होतों.