केबल ठीक, मॉनिटर ठीक, तरी 'नो सिग्नल': लिनक्स लॅपटॉपमधल्या दोन ग्राफिक्सची भानगड

(हा ताज्या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना कमांड निसटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार होती, म्हणून त्या जशा बोललो तशाच अक्षरात उतरवल्या आहेत.)

आजचा विषय तुमच्या मेसेजेसमधून आलाय. फायनल इयरच्या एका श्रोत्याचा प्रश्न असा: उबुंटू टाकलेला गेमिंग लॅपटॉप आहे, उद्या सकाळी प्रोजेक्टची व्हायवा आहे, आणि एचडीएमआय लावली की प्रोजेक्टर फक्त 'नो सिग्नल' म्हणतो. विंडोजमध्ये तीच केबल चालते. 'नवीन केबल घेऊ का, की विंडोज परत टाकू?' दोन्ही नको. थांबा जरा.

आधी लॅपटॉपच्या पोटात काय आहे ते समजून घेऊ, कारण ते कळलं की निम्मं काम झालं. तुमच्या लॅपटॉपवर एनव्हिडियाचं स्टिकर असेल, तर आत बहुधा दोन ग्राफिक्स चिप आहेत. एक इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमध्येच बसलेली, कमी वीज खाणारी. दुसरी एनव्हिडियाची, ताकदवान आणि बॅटरीखाऊ. रोजचं काम पहिलीने करायचं, गेम किंवा ब्लेंडर उघडलं की दुसरीला उठवायचं, अशी ही रचना. एनव्हिडियाने तिला २०१० साली ऑप्टिमस हे नाव दिलं.

आता खरी गोम. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन साधारणपणे पहिल्या चिपला जोडलेली असते. पण बाहेरचं एचडीएमआय पोर्ट? पुष्कळ गेमिंग लॅपटॉपमध्ये त्याची तार मदरबोर्डवरच थेट एनव्हिडियाच्या चिपकडे गेलेली असते. म्हणजे एनव्हिडिया झोपलेली असेल, किंवा तिचा ड्रायव्हर लोड झाला नसेल, तर ते पोर्ट म्हणजे भिंतीवरचं नुसतं भोक. लॅपटॉपची स्क्रीन मात्र मस्त चालत राहते, त्यामुळे आपल्याला वाटतं ग्राफिक्स ठीक आहे, केबलच खराब असणार. इथेच लोक पैसे घालवतात.

लिनक्सवर हे प्रकरण जुनं आहे. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात प्रेक्षकांतून ऑप्टिमसबद्दलच प्रश्न आला होता, आणि लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. तो व्हिडिओ तुम्ही मीम म्हणून पाहिला असेल, पण त्यामागचं दुखणं हेच होतं. तेव्हापासून बरंच सुधारलंय. २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणारा भाग ओपन सोर्सही केला. पण तार जिथे जोडलेली आहे तिथेच आहे, ती सॉफ्टवेअरने हलत नाही.

चला, निदान करू. पहिली कमांड पाठच करून ठेवा, मला ती सगळ्यात जास्त आवडते. टर्मिनल उघडा आणि लिहा: ग्रेप, स्पेस, एक टिंब, स्पेस, मग स्लॅश सिस स्लॅश क्लास स्लॅश डीआरएम स्लॅश स्टार स्लॅश स्टेटस. कर्नलला माहीत असलेलं प्रत्येक डिस्प्ले पोर्ट आणि त्यापुढे 'कनेक्टेड' किंवा 'डिसकनेक्टेड' अशी यादी येईल. त्यात 'ईडीपी' म्हणजे लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन. नावाच्या सुरुवातीला कार्ड शून्य, कार्ड एक असं असतं, ती झाली चिप. ईडीपी ज्या कार्डाखाली आहे ती घरातली इंटेल किंवा एएमडी, दुसरं कार्ड एनव्हिडियाचं. एक सावधगिरी: इंटेलच्या कार्डाखालीही एचडीएमआय, डीपी अशी दोनचार नावं दिसतील. ती सगळी लॅपटॉपच्या कडेला खरोखर असतातच असं नाही, त्यामुळे त्यांच्यावरून गडबडू नका. कमांड एकदा केबल काढून चालवा, एकदा लावून. काय बदललं ते बघा.

काहीतरी 'कनेक्टेड' झालं, तर हार्डवेअर, केबल, ड्रायव्हर सगळं ठीक आहे. गडबड वरच्या थरात, म्हणजे डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'मिरर' करून बघा. तरी काळंच, तर रिफ्रेश रेट कमी करा. फोर-के मॉनिटरला जुन्या एचडीएमआय १.४ वर ३० हर्ट्झच मिळतात, ६० साठी २.० लागतं, आणि कधीकधी डेस्कटॉप न झेपणारा मोड निवडून बसतो.

दुसरं कार्ड दिसतंय पण सगळं 'डिसकनेक्टेड', तर मात्र केबल, अडॅप्टर आणि मॉनिटरचा इनपुट तपासा. हो, इनपुट. मॉनिटर एचडीएमआय २ वर आणि केबल १ मध्ये, हे हसण्यासारखं वाटतं, पण घडतं.

आणि दुसरं कार्ड यादीत नाहीच? बहुतेकांची गाडी इथेच अडते. आता दुसरी कमांड: एल एस पी सी आय, स्पेस, डॅश के. एनव्हिडियाच्या नावाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. तिथे 'एनव्हिडिया' असेल, तर ड्रायव्हर चालू आहे, फक्त मोडसेट नावाचा पर्याय बंद असू शकतो. एनव्हिडिया-डीआरएम डॉट मोडसेट इक्वल्स वन, हे कर्नलच्या बूट पर्यायांत घालायचं. नव्या डिस्ट्रोंमध्ये ते बहुधा आधीच असतं. 'नूवो' दिसलं तर तो समुदायाने बनवलेला ड्रायव्हर. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'नवीन'. काही चिपवर तो छान चालतो, काहींवर रडवतो.

ती ओळच नसेल, तर चिपला ड्रायव्हर मिळालेला नाही. उबुंटू आणि मिंटवाल्यांनी आधी 'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' चालवावं. उत्तर 'इंटेल' आलं, तर कुणीतरी बॅटरी वाचवायला एनव्हिडिया पूर्ण बंद केली आहे, आणि तिच्याबरोबर एचडीएमआयही गेली. 'सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड' करा, रीबूट करा. इंटरनेटवरचे 'बॅटरी दुप्पट करा' छाप व्हिडिओ हीच सेटिंग बदलायला सांगतात आणि पोर्टबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

मोड बरोबर आहे तरी ड्रायव्हर नाही, तर माझा पहिला संशय सिक्युअर बूटवर. 'मोकयुटिल, डॅश डॅश एसबी-स्टेट' विचारा. ते चालू असेल, तर कर्नल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. ड्रायव्हर टाकताना इन्स्टॉलरने तुमच्याकडून एक पासवर्ड मागितला होता, आठवतंय? त्यानंतरच्या रीबूटला निळी स्क्रीन येते, १० सेकंद थांबते. तेवढ्यात कुठलीही की दाबून 'एनरोल मोक' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. आपण चहा आणायला गेलेलो असतो, ती निघून जाते, आणि ड्रायव्हर कायमचा दाराबाहेर. उबुंटूवर 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी, डॅश डॅश एनरोल-की' चालवून तो प्रकार पुन्हा करता येतो. सिक्युअर बूट सरळ बंद करा असं सांगणारे भरपूर भेटतील. मला तो सल्ला आवडत नाही. पाच मिनिटांच्या कामासाठी कायमचं कुलूप काढून ठेवायचं कशाला?

'कालपर्यंत चालत होतं' म्हणणाऱ्यांसाठी: काल कर्नल अपडेट झालं का? एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस करतं, आणि त्याला त्या कर्नलचे हेडर्स लागतात. ते नसले की बांधणी अडते. 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये चालू कर्नलचा आकडा दिसतो का बघा, नसेल तर हेडर्सचं पॅकेज टाका.

व्हायवा दहा मिनिटांवर असेल तर यातलं काहीच नको. रीबूट करून ग्रबच्या मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडा. किंवा मित्राकडून यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर घ्या. काही लॅपटॉपमध्ये यूएसबी-सीचं चित्र घरातल्या चिपमधून येतं, मग एनव्हिडिया झोपलेली असली तरी चालतं. अट एकच, त्या पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय हवी. प्रत्येक यूएसबी-सीमध्ये ती नसते. आज रात्रीच कुणाचा तरी अडॅप्टर लावून ती ग्रेपवाली कमांड चालवा, उत्तर मिळेल.

चित्र येतं पण मॉनिटरवर माउस अडखळतो, असेही मेसेज आहेत. कारण साधं आहे. डेस्कटॉप रंगवते घरातली चिप, पोर्ट आहे एनव्हिडियाकडे, म्हणून प्रत्येक फ्रेम एकीकडून दुसरीकडे कॉपी होते. फुल एचडीची एक फ्रेम साधारण ८ एमबी. सेकंदाला ६० म्हणजे ५०० एमबीच्या आसपास, नुसती ने-आण. ड्रायव्हर आणि डेस्कटॉप नवे ठेवा, बराच फरक पडतो. बायोसमध्ये 'डिस्क्रीट' मोड असेल, तर घरी चार्जर लावून काम करताना तो निवडा. सगळंच एनव्हिडियावर जातं आणि कॉपी संपते. कॉलेजला नेण्याआधी परत 'हायब्रिड' करा, नाहीतर बॅटरी दुपारपर्यंतच.

एवढं करूनही अडलात तर मला लिहा. सोबत ग्रेपवाल्या कमांडचं उत्तर, एलएसपीसीआयचं उत्तर आणि 'युनेम डॅश आर' म्हणजे कर्नलचा आकडा. स्क्रीनचा तिरका फोटो नको हं, मजकूर कॉपी करून पाठवा.