विहंगम नकाशातली वसई

जुन्या बंदरांचे, वरून पाहिल्यासारखे काढलेले नकाशे आता फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागतात. वसईच्या कोटाचाही असा नकाशा आहे. आंतोनियो बोकारोने 1635 मध्ये पोर्तुगीज राजासाठी पूर्वेकडच्या किल्ल्यांचा ग्रंथ लिहिला. हा नकाशा त्यातलाच. ग्रंथातली चित्रं व्हाइसरॉयचा सचिव पेद्रो बारेतो दे रेझेंद याची. वसई आपली, म्हणून हे चित्र नीट समजून भिंतीवर लावावं असं मनापासून वाटतं.

एखाद्या डोंगरावरून पाहून ते काढलं असेल, असं पुष्कळांना वाटतं. पण किल्ला खाडीच्या तोंडाशी, सपाटीवर आहे आणि माणूस फुग्यातून उडाला तो 1783 मध्ये. असे नकाशे रचले जात: आधी तटाची आखणी, मग तिच्यावर घरं, चर्च, बुरूज उभे करायचे.

मग सगळी कल्पनाच का? तसंही नाही. दर्या दरवाजातून आत शिरून तटाकडेने चाललात, की पुढे आलेले बुरूज आणि आतली पडकी चर्च पाहताना नकाशा उलगडू लागतो. मात्र त्यावर पट्टी ठेवून अंतरं मोजू नका. अशा चित्रांत महत्त्वाची इमारत मोठी होते आणि साधी घरं एकसारखी निघतात. बोकारोच्या मजकुरात तोफा, शिपाई, महसूल आणि खर्च यांचे हिशेब आहेत. राजाला हवं होतं ते हेच. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला 1739 मध्ये, तेव्हा मराठ्यांच्या खुणा या चित्रात शोधू नयेत.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे 'ही 1635 ची अस्सल छापील प्रत'. बोकारोचा ग्रंथ हस्तलिखित आहे, पोर्तुगालमधल्या एव्होराच्या ग्रंथालयात. त्या साली वसईचं हे पान छापलंच गेलं नव्हतं. गोव्याचं तसं नाही. डच प्रवासी लिन्सखोटेनच्या 1596 च्या पुस्तकातला गोव्याचा नकाशा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, त्यामुळे त्याची जुनी पानं खरोखर मिळू शकतात. ती ओळखायला भिंग लागतं. कोरीव छपाईत शाईची रेघ सलग दिसते, आधुनिक छपाईत रंगीत ठिपके. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट बोटाला लागते. ती काही नकलांतही उठवलेली असते, म्हणून एकट्या खुणेवर भरवसा नको. रंगावरून वय ठरवू नका: छाप काळी निघे, रंग हाताने भरत, कित्येकदा फार नंतर.

चांगली नक्कल लावण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त तिच्याखाली मूळ ग्रंथाचं आणि ग्रंथालयाचं नाव छापून घ्या.