सातबाऱ्यावरचा ‘आकार’

सातबाऱ्याचा उतारा हातात आला की नजर आधी नावावर जाते, मग क्षेत्रावर. त्याच कागदावर ‘आकार’ नावाचा एक रकाना असतो. त्यात जमिनीच्या साऱ्याचे काही रुपये, काही पैसे लिहिलेले असतात. ती रक्कम इतकी किरकोळ असते की तिकडे कुणी लक्ष देत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी पुणे-नगरकडच्या कुणब्याचं घर तगायचं की मोडायचं, याचा बराचसा निकाल याच रकान्यावर लागत होता. म्हणून हा आकडा कुठून आला, ते नीट समजून घेऊ.

१८१८ साली पेशवाई संपली. त्याआधी सारा बहुधा गावावर बसायचा. पाटील-कुलकर्णी तो घरोघर वाटून घेत, आणि पीक बुडालं तर सूट मागायला गाव एकत्र जाई. ही पद्धत सुखाची होती असं मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते दिले गेले आणि मक्तेदारांनी गावं पिळून काढली. तरी एक गोष्ट खरी, की वाईट वर्षाचा भार काही प्रमाणात वाटला जात होता.

कंपनी सरकारला मधला माणूस नको होता. प्रत्येक शेतकऱ्याशी थेट व्यवहार, म्हणजे रयतवारी, असं ठरलं. पण मग कुणाच्या शेतावर किती सारा बसवायचा? पहिला प्रयत्न केला रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने. हा इंग्लंडात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्यातले ५५ टक्के सरकारने घ्यायचे, हा त्याचा हिशेब. हिशेब कागदावर चोख होता, पण उत्पन्नाचे आकडेच भरवशाचे नव्हते. इंदापूरसारख्या कोरड्या तालुक्यात लोकांनी जमिनी सोडून दिल्या.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर इंदापुरातच नव्याने कामाला लागले. त्यांनी उत्पन्नाचा नाद सोडला आणि माती मोजायची ठरवली. ही रीत १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधेसूद मांडली आहे. आधी साखळी. ती ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे एक आणा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण आजही ज्या गुंठ्यात बोलतो तो हाच.

मोजणीनंतर प्रतवारी. शेताचे लहान लहान भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते पाहायचं. खोली हातांत मोजायची. मातीच्या जाती तीन : बारीक पोताची काळी, जरा जाड पोताची तांबूस, आणि भरड, खडेमिश्रित. काळी पावणेदोन हात खोल निघाली तर पहिला वर्ग, सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा, सव्वा हात असेल तर बारा, एक हात असेल तर दहा, पाऊण हात असेल तर आठ. असं उतरत नववा वर्ग दोन आण्यांचा. शिवाय दोष धरायचे : चुनखडी, वाळू, उतार, पाण्याने वाहून जाणारी जागा, उपळणारी जागा वगैरे. एक दोष निघाला की वर्ग एकाने खाली.

समजा, एक हात खोल काळी जमीन आहे, म्हणजे दहा आणे. तिच्यात चुनखडी सापडली, म्हणून आठ आणे. त्या भागातल्या गावांच्या गटाला हवामान, बाजार, रस्ते पाहून उत्तम जमिनीचा दर एकरी एक रुपया लावला आहे असं धरलं, तर या जमिनीचा आकार एकरी आठ आणे झाला. हा आकार तीस वर्षं बदलायचा नाही, असं सरकारचं वचन होतं. (मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, तिथली कहाणी वेगळी.)

या कामातली मेहनत आणि सचोटी मान्य करायलाच हवी. सुरुवातीचे दर हलके होते, पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. माझा आक्षेप मोजणीवर नाही, तिच्यासोबत आलेल्या अटींवर आहे. सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा. पाऊस पडो न पडो, आकडा तोच, सूट मिळाली तर सरकारची मेहेरबानी. सरकारचं उत्पन्न स्थिर झालं आणि पावसाची सगळी जोखीम एकेकट्या कुणब्याच्या डोक्यावर आली. जमिनीच्या महसुलावर तेव्हा राज्याचा डोलारा उभा होता, त्यामुळे तारीख हलणं शक्य नव्हतं. बाजारात धान्याला भाव नसताना हप्ता आला की शेतकरी जायचा कुठे? सावकाराकडे.

आणि सावकारही आता बिनधास्त देत होता, कारण साखळीने मोजलेली, नंबर पडलेली, नावावर चढलेली जमीन दिवाणी कोर्टातून जप्त करता येत होती. पूर्वी वसुलीसाठी त्याला गावाची मर्जी सांभाळावी लागे, आता हुकूमनामा पुरेसा होता.

त्यातच १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि दख्खनमध्ये कर्ज मागेल त्याला मिळू लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. सावकारांनी हात आखडला. नेमकी याच सुमारास इंदापूरची तीस वर्षं भरली. १८६७ पासून फेरआकारणी आली आणि सारा अनेक गावांत दीडपटीच्या आसपास, कुठे त्याहूनही वर गेला.

कर्ज कसं फुगत होतं ते पाहा. आपल्याकडे दामदुपटीचा दंडक होता, व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही. १८५५ मध्ये व्याजावरची कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचं खतपत्र तीनच वर्षं चालेल असं ठरवलं. हेतू होता कर्ज साचू नये, हा. घडलं उलटं. तीन वर्षं झाली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचा. शंभर रुपये, महिना दोन टक्के. तीन वर्षांनी खत १७२ चं. सहा वर्षांनी जवळजवळ २९६ चं. नऊ वर्षांनी ५०९ चं. जुन्या दंडकाने हे कर्ज दोनशेच्या पुढे गेलंच नसतं, पण दर वेळी खत नवं, म्हणून मुद्दलही नवं! पुढे चौकशी आयोगासमोर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण आलं होतं.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितल्या खतं आणि वह्या, आणि मिळाल्या त्या जाळल्या. बंड पुणे-नगरच्या अनेक गावांत पसरलं. या लोकांना मी दंगेखोर म्हणणार नाही. आपल्याला बांधून ठेवणारी दोरी कागदाची आहे हे त्यांना नेमकं कळलं होतं. मात्र त्याच दोरीचं दुसरं टोक, सरकारचा आकारबंद, म्हणजे गावातल्या आकारांची नोंदवही, त्यांच्या हाताला लागणारं नव्हतं.

बंडानंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला की सरकारची मागणी हे बंडाचं कारण नव्हे, राग सावकारांवर होता. हा निष्कर्ष मला पटत नाही. सावकाराच्या दारात माणूस गेला त्यात सरकारच्या तारखेचा मोठा वाटा होता. विंगेटने स्वतः १८५२ मध्येच सावकार-कुणबी संबंध बिघडल्याचं सरकारला लिहून कळवलं होतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही बंडाआधी साऱ्याच्या ओझ्याबद्दल आवाज उठवला होता.

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. कर्जाचा हिशेब अगदी पहिल्या रुपयापासून तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला, कर्जापायी होणारी कैद बंद झाली, हप्ते बांधून देता येऊ लागले. साऱ्याचे दर मात्र या कायद्याने कमी झाले नाहीत.

रुपया घसरत गेला आणि आकाराचं ओझं काळाबरोबर नाहीसं झालं. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आकाराचा रकाना अजून आहे. पुढच्या वेळी उतारा काढाल तेव्हा तो वाचा. शक्य असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात आपल्या जमिनीचा जुना आकारबंद आणि प्रतवारीची नोंद मागून पाहा. जुनं दप्तर शाबूत असेल, तर कुणी तरी आपल्या शेतात किती हात माती मोजली आणि तिला किती आणे दिले, ते तिथे लिहिलेलं सापडेल.