पन्हळीची नळी होताना

कोंबडीचे अंडे उबवायला ठेवले, की एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते, हे तुम्हांला माहीत आहेच. पण पहिल्या २८ तासांच्या सुमारास आत काय चालले असते? पिल्लाला अजून ना चोच असते ना पंख. बलकावर एक पातळ चकती असते आणि तिच्या मध्यावर पेशींची जाडसर पट्टी. हाच भावी मेंदू आणि मज्जारज्जू! ही पट्टी मध्यभागी खचते, तिच्या कडा वर उचलल्या जाऊन पन्हळ तयार होते आणि शेवटी कडा एकमेकींना भिडून नळी बनते. हिला मज्जानलिका म्हणतात. माणसाच्या गर्भात हे काम सुमारे २८ व्या दिवसापर्यंत आटोपते.

पट्टी आपली आपण वळते, की तिला कोणी वळवते? गर्भातील आकार हे कमीजास्त वेगाने होणाऱ्या वाढीमुळे पडलेल्या घड्या आहेत, असे विल्हेल्म हिस यांनी १८७४ मध्ये मांडले. अर्न्स्ट हेकेल यांनी ‘रबरी नळीचा सिद्धान्त’ म्हणून त्याची टर उडवली. थट्टा गाजली, पण हिस यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते.

पट्टीच्या मधल्या पेशी पाचरीच्या आकाराच्या होतात आणि खालच्या पृष्ठरज्जूला घट्ट धरून राहतात. त्यामुळे तेथे बिजागरी तयार होते. मात्र कोंबडीच्या भ्रूणात ही पट्टी बाजूच्या ऊतींपासून कापून वेगळी केली, तर ती लांब आणि अरुंद होते, पण नीट वळत नाही. कडा उचलायला बाजूचा रेटा लागतो. हा रेटा मुख्यतः पसरत जाणाऱ्या भावी त्वचेचा असतो, असे ॲल्व्हारेझ आणि शोनवुल्फ यांनी १९९२ मध्ये दाखवले.

शेजारी मदत करतात तसे अडवतातही. आता एक प्रयोग करा. रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या, त्याला लांबीच्या दिशेने एक चीर द्या आणि चीर बाहेरच्या अंगाला ठेवून नळी वाकवा. चीर फाकते, होय ना? शेपूट वळलेल्या उंदरांची एक जात आहे. तिच्या काही पिल्लांची मज्जानलिका शेपटीकडे उघडीच राहते. गंमत अशी, की नलिकेच्या पेशी वेळेवर वाढत असतात. मागे पडतात त्या खालच्या आतड्याच्या आणि पृष्ठरज्जूच्या पेशी. वरची बाजू वाढते, खालची तेवढी वाढत नाही. साहजिकच भ्रूण पोटाकडे वाकतो आणि फट मिटत नाही.

ऑक्सफर्डच्या अँड्र्यू कॉप यांच्या गटाने १९९१ मध्ये हे कसे तपासले, पाहा. त्यांनी पापणीच्या केसाचे टोक भ्रूणाच्या आतड्याच्या पोकळीत सरकवले. मोडलेल्या हाताला बांधलेल्या फळीसारखे ते काम करू लागले. बाक कमी झाला आणि फट मिटू लागली! नलिकेला कोणी हातही लावला नव्हता.

मानवी बालकांत फट राहिली, तर पाठीच्या कण्याशी मज्जारज्जू उघडा राहतो आणि पायांची शक्ती जाऊ शकते. असे मूल आधी झालेल्या मातांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्यास पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून समजले, तेही १९९१ मध्येच. वळलेल्या शेपटीच्या उंदरांवर मात्र फॉलिक आम्लाचा उपयोग होत नाही. तेथे इनॉसिटॉल हा वेगळाच पदार्थ लागू पडतो, असे १९९७ मध्ये आढळले.