फिल्म कुठलीही चालेल, पण हात कुणाचा?

पहिली गाडी घेतली. लालभडक! पहिल्याच आठवड्यात एक्स्प्रेस वेवर डंपरच्या मागे सापडले आणि बॉनेटचे दोन टवके उडाले. ईएमआय तर अजून सुरूही नव्हता. म्हटलं, बास, आता पीपीएफ. म्हणजे पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म, साधारण 200 मायक्रॉन जाडीची.

पहिल्या दुकानातला रेट एकदम झकास. पण काम चाललेलं रस्त्यालगत, धुळीत. पोरगा फिल्म दारावर ठेवून थेट ब्लेडनं कापत होता. शेजारच्या तयार गाडीकडे वाकून पाहिलं, तर कडेला पेंटवर बारीक रेघ. फिल्म उद्या काढता येईल हो, रेघ कशी काढणार?

दुसरीकडे सगळं शटरच्या आत. फिल्म प्लॉटरवर मापानं कापलेली, कडा पॅनलच्या आत दुमडलेल्या. विचारलं, ''जुनी केलेली गाडी दाखवाल?'' मालकांनी कुरकुर न करता एका कस्टमरला फोन लावला. गाडी दोन पावसाळे काढलेली, तरी कडांना मळ नाही की बुडबुडा नाही. मटेरियल टीपीयू, स्वस्तातलं पीव्हीसी लवकर पिवळं पडतं. रोलचा सीरियल नंबरही बिलावर लिहून दिला. वॉरंटीत मात्र मेख असते. पिवळेपणा बहुतेक वेळा फिल्म कंपनीच्या खात्यात, उचकटलेली कड लावणाऱ्याच्या. दोन्ही लेखी घ्या.

पैसे? बरेच जास्त गेले. म्हणून सध्या टवक्यांना टच-अप करून फक्त बॉनेट, पुढचा बंपर आणि आरसे केलेत. दारं दिवाळीच्या बोनसवर!