मदतीसाठी धावणाऱ्या स्त्रिया : एक मागोवा

एखाद्या सामाजिक कार्यासाठी निधी किंवा लोकजागृती साधावी म्हणून स्त्रियांनी एकत्र येऊन ठरावीक अंतर धावावे, ही प्रथा महाराष्ट्राच्या शहरांत आता रुळलेली असली, तरी तिच्यामागे दोन स्वतंत्र धागे आहेत : एक स्त्रियांना लांब अंतर धावू द्यावे की नाही या वादाचा, आणि दुसरा आजारपणाच्या खर्चाचा. पहिला धागा अधिक जुना आहे. १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली, मात्र शर्यतीनंतर धावपटू कोसळल्याच्या अतिरंजित बातम्यांचा आधार घेऊन ती बंद करण्यात आली आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत परतली नाही. बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला, तर ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत, १९८४ मध्ये आली. स्त्रीचे शरीर हे अंतर पेलू शकत नाही, हा समज मोडायला इतकी वर्षे लागली.

दुसरा धागा कर्करोगाशी जोडलेला आहे. अमेरिकेत डॅलस येथे १९८३ मध्ये स्तनकर्करोगाच्या निधीसाठी पहिली मोठी धाव झाली, आणि लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये १९९४ साली ६८० स्त्रिया ‘रेस फॉर लाइफ’ या नावाने पाच किलोमीटर अंतरासाठी एकत्र आल्या. या धावांत वेळेला आणि क्रमांकाला महत्त्व नव्हते. आयुष्यात कधीही न धावलेल्या स्त्रीलाही त्यांत जागा होती, आणि त्यांच्या वाढीचे खरे कारण हेच होते.

भारतात निधीसाठीच्या धावेला मोठे व्यासपीठ मिळाले ते २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमुळे. तिच्यातील ‘ड्रीम रन’ ही स्पर्धेविना होणारी छोटी धाव असून, स्वयंसेवी संस्था आपल्या कामाचे फलक घेऊन तीत उतरतात आणि धावणारे लोक आपल्या परिचितांकडून संस्थेसाठी देणग्या गोळा करतात. केवळ स्त्रियांसाठीची ‘पिंकेथॉन’ मात्र मुंबईतच २०१२ साली मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी सुरू केली, आणि पुढे ती पुणे, दिल्ली, बंगळूर अशा शहरांत पसरली. स्त्रियांचे आरोग्य आणि स्तनकर्करोगाविषयीची जाणीव हे तिचे घोषित उद्दिष्ट होते. तीन किलोमीटरपासून अर्धमॅरेथॉनपर्यंतची अंतरे ठेवल्यामुळे आणि साडी नेसून धावण्यालाही मोकळीक असल्यामुळे, घराबाहेर व्यायाम न करणाऱ्या अनेक गृहिणी तीत सामील झाल्या. पहाटे रस्त्यावर धावण्याचा संकोच मोडणे हे या उपक्रमाचे मोठे यश मानले पाहिजे.

याच काळात ग्रामीण महाराष्ट्रात मदतीसाठी धावण्याचे एक वेगळे, अधिक अस्वस्थ करणारे रूप पुढे आले. बारामतीजवळ मजुरी करून राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या लता भगवान करे या आजारी पतीच्या तपासणीचा खर्च भागवण्यासाठी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्या आयुष्यावर त्यांच्याच नावाने २०२० मध्ये मराठी चित्रपट आला. त्यात त्यांनी स्वतःची भूमिका केली, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाची विशेष दखल घेतली गेली. या धावेचे कौतुक भरपूर झाले आणि ते योग्यच होते, परंतु तिचा अर्थ केवळ जिद्दीपुरता मर्यादित ठेवणे अन्यायाचे होईल. शहरातील स्त्री प्रवेशशुल्क भरून दुसऱ्याच्या उपचारासाठी धावत होती, त्याच काळात गावातील स्त्रीला आपल्या घरच्या तपासणीसाठी बक्षीस जिंकावे लागत होते, आणि निधीची धाव जिच्यासाठी भरवली जाते तिच्यापर्यंत ती पोहोचत नव्हती, हे या दोन धावा शेजारी ठेवल्यावरच दिसते.

ग्रामीण मुलींना धावण्याची सवय नाही, असे मात्र नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले, तर साताऱ्याच्या माण या दुष्काळी तालुक्यातील ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. उणीव पायांत नसून, धावेभोवतीच्या व्यवस्थेत आहे.

धावेसोबत स्त्रियांपर्यंत तपासणी पोहोचवणारी व्यवस्था फार खर्चाची असावी लागत नाही, याचा पुरावा मुंबईतच मिळालेला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा सुमारे वीस वर्षे अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या गटातील स्त्रियांची, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीवरील स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, जिथे पोहोचू शकत नाही, तिथेही शिकवलेल्या हातांनी जीव वाचतात, हे त्यातून सिद्ध झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा विचार धावांच्या आयोजकांनी गुलाबी सदऱ्यांच्या रंगापेक्षा अधिक गांभीर्याने करायला हवा.

धावेला अशी तपासणी कशी जोडता येईल, यासाठी गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. त्यातील बिरसा तहसिलीत गोंड आणि बैगा या आदिवासी समाजांची गावे आहेत. अशा ठिकाणी स्त्रियांची धाव भरवायची झाल्यास प्रवेशशुल्क ठेवू नये, चालणाऱ्या आजीलाही तीत जागा द्यावी, आणि धाव जिथे संपते त्याच मैदानावर आरोग्यसेविकांकडून तपासणीची सोय करून संशयित रुग्णाला मोठ्या रुग्णालयापर्यंत नेण्याचा खर्च जमलेल्या निधीतून करावा. मुंबई-पुण्याच्या आयोजकांनी आपल्या निधीतील एक ठरावीक वाटा दरवर्षी अशा एका तहसिलीसाठी बाजूला काढावा.