आठवणींची गोधडी : जपलेल्या वस्तू मनाला आधार देतात की अडकवून ठेवतात?

हिंगोली : आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, वडिलांचे बंद पडलेले मनगटी घड्याळ, आजीचा पानाचा डबा, सासरी गेलेल्या बहिणीच्या पत्रांचा गठ्ठा. बाजारात नेल्यास यांपैकी बहुतेक वस्तूंना मोडीचाही भाव येणार नाही. तरीही दिवाळीची साफसफाई करताना, भावाभावांत वाटणी होताना किंवा घर बदलताना नेमका याच वस्तूंपाशी हात थबकतो. हा निव्वळ भाबडेपणा आहे, की त्यामागे मनाची काही गरज दडलेली आहे? जगभरातील मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा गेली अनेक दशके विचार केला आहे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तर हा प्रश्न घरोघरी उभा आहे. परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला हा जिल्हा प्रामुख्याने शेतीवर जगतो. शिक्षण आणि नोकरीसाठी येथील तरुण पिढी पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, हैदराबादकडे वळते. उतारवयात आईवडीलही मुलांकडे जातात आणि गावाकडच्या घराला कुलूप लागते. वाड्यातील चार खोल्यांचा संसार शहरातील दोन खोल्यांत मावत नाही. मग काय न्यायचे आणि काय टाकायचे, यावरून घरात कुरबुरी सुरू होतात. वरकरणी हा जागेचा प्रश्न असतो. प्रत्यक्षात तो नात्यांचा असतो.

वापरात असलेली आठवण

मराठवाड्यातील गोधडी हे या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण ठरावे. जीर्ण लुगडी, धोतरे, सदरे यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने ते एकत्र शिवायचे, ही तिची साधी रीत. शेतीची कामे ओसरली की घरातील आणि शेजारच्या बायका मिळून गोधडी शिवत. त्यामुळे एकाच गोधडीत आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर आणि नातवाचे झबले एकमेकांना लागून बसते.

या गोधडीत आणि कपाटात बंद असलेल्या वस्तूत एक महत्त्वाचा फरक आहे. गोधडी रोज अंगावर घेतली जाते. ती विरते, फाटते, तिला ठिगळ लागते आणि पुढे तिच्यावर नव्या कापडाचा थर चढतो. गेलेल्या माणसाची खूण जपली जाते, पण त्या खुणेभोवती आयुष्य थांबत नाही. भावनिक ठेव्याचे मनाशी असलेले निरोगी नाते नेमके असेच असते, असे मानसशास्त्राच्या आधारे म्हणता येते.

मानसशास्त्र काय सांगते?

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात लहान मुलांच्या आवडत्या पांघरुणाचा आणि बाहुलीचा अभ्यास मांडला. आई जवळ नसताना मूल अशा वस्तूला बिलगते आणि तिच्या आधाराने एकटे राहण्यास शिकते, असे त्यांचे निरीक्षण होते. आईच्या पदराचा तुकडा हातात धरल्याशिवाय न झोपणारे मूल आपल्याकडेही अनेकांनी पाहिलेले असते. वय वाढले तरी ही गरज पूर्णपणे संपत नाही; ती दुसरे रूप घेते.

मृत व्यक्तीशी असलेले नाते मनाने हळूहळू सोडून द्यावे, हा विचार सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ च्या निबंधानंतर दीर्घकाळ प्रभावी होता. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये त्याला वेगळी बाजू दाखवली. गेलेल्या माणसाशी नाते तोडण्याऐवजी ते नव्या रूपात चालू ठेवणे हाही शोकाचा स्वाभाविक मार्ग असू शकतो, असे त्यांनी मांडले. वडिलांच्या लेखणीने सही करणारा मुलगा किंवा आईच्या परातीत कणीक मळणारी मुलगी हेच करीत असते.

गतकाळाच्या ओढीकडे पाहण्याची दृष्टीही बदलली आहे. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांच्या व्याकुळतेला योहानेस होफर यांनी १६८८ मध्ये आजार ठरवून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये मात्र उलट चित्र मांडले. एकटेपणा आणि खिन्नता आली की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो आणि त्या आठवणी आपण कोणाचे तरी आहोत ही भावना बळकट करतात, असे त्यांच्या अभ्यासात दिसून आले.

जुन्या कापडाच्या वासाने डोळे भरून येण्यामागे शरीररचनेचेही कारण आहे. गंधाचे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांपर्यंत फार जवळच्या मार्गाने पोहोचतात. म्हणूनच एखादी पेटी उघडताच वर्षानुवर्षे न आठवलेला प्रसंग समोर उभा राहतो.

आधार केव्हा, अडसर केव्हा?

प्रत्येक जपलेली वस्तू मनाला बळ देतेच असे नाही. मनोविकारतज्ज्ञ वामिक वोल्कान यांनी १९७० च्या दशकात शोकग्रस्तांच्या अभ्यासातून एका वेगळ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. काही जण मृत व्यक्तीची वस्तू कुलूपबंद ठेवतात. ती वापरवत नाही, पाहवत नाही आणि टाकवतही नाही. मात्र ती कोठे आहे याची खातरजमा सतत करावीशी वाटते. अशा वेळी वस्तू दुःखाला वाट देण्याऐवजी ते गोठवून ठेवते.

शोकाला ठरावीक मुदत नसते. तथापि प्रौढ व्यक्तीमध्ये वर्ष उलटूनही दुःखाची तीव्रता रोजच्या जगण्याला ग्रासून राहिली, तर अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित निकषांनुसार दीर्घकालीन शोकविकाराचा विचार केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही मर्यादा किमान सहा महिन्यांची असून समाजाच्या रूढींचाही विचार त्यात अपेक्षित आहे. निरुपयोगी वस्तूही टाकता न येणे आणि त्यामुळे घरात वावरणे कठीण होणे, या संचयविकाराला २०१३ मध्ये स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळाले. एखादी पेटी जपणे म्हणजे हा आजार नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुःख एकाचे, निर्णय दुसऱ्याचा

मृत व्यक्तीचे कपडे व अंथरूण दिवसकार्यात दान करण्याची प्रथा अनेक घरांत आहे. या प्रथेमागे दुःखातून बाहेर पडण्याचा हेतू असू शकतो. पण काय द्यावे आणि काय ठेवावे, हे बहुधा घरातील वडीलधारे ठरवतात. पत्नीला आणि मुलांना कोणी विचारत नाही. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश आहे. अशा मृत्यूनंतर घरच्यांच्या मनात दुःखाबरोबर अपराधीपणा, राग आणि लोकलज्जाही असते. मागे राहिलेला सदरा किंवा चप्पल त्यांना एकाच वेळी हवीशी आणि नकोशी वाटू शकते. 'आता हे डोळ्यांसमोर नको' म्हणून परस्पर सारे काढून टाकणे, किंवा सारे तसेच ठेवण्याचा आग्रह धरणे, दोन्ही अन्यायकारक आहे. ज्याचे दुःख आहे त्याला वेळ आणि निवडीचा हक्क मिळायला हवा.

दुःखाला किती मोठी दिशा मिळू शकते, याचे उदाहरण पुण्यात आहे. दिनकर केळकर यांनी जमवलेल्या दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा सुमारे वीस हजार वस्तूंच्या संग्रहालयाला त्यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. घराघरांतील साध्या वस्तू एका पित्याच्या आठवणीने एकत्र नांदत आहेत.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे वस्तूची कथा नोंदवून ठेवावी. ती कोणाची, कोठून आली, तिच्याशी कोणता प्रसंग जोडलेला आहे, हे वहीत लिहावे किंवा मोबाइलवर आवाजात साठवावे. कथा गेली की पुढच्या पिढीसाठी ठेव्याची अडगळ होते.

दुसरी गोष्ट म्हणजे शक्य त्या वस्तू वापरात आणाव्यात. एकाच साडीवर चार भावंडांचा जीव असेल, तर तिचे तुकडे चार गोधड्यांत जाऊ शकतात. ज्या ठेवता येत नाहीत, त्यांचे छायाचित्र घेऊन त्या गरजूंना द्याव्यात. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग असेच सुचवतो. 'छायाचित्र ठेवा, वस्तू दान करा' असे आवाहन केले तेव्हा ६१३ वस्तू जमा झाल्या. साध्या आवाहनाला ५३३ वस्तूंचा प्रतिसाद मिळाला होता.

वृद्ध आईवडिलांना शहरात नेताना त्यांच्या वस्तू त्यांनाच निवडू द्याव्यात. स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांशी जुनी छायाचित्रे व वस्तू दाखवून संवाद साधण्याची पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. तिने आजार बरा होत नाही, पण बोलण्याला विषय मिळतो.

झोप उडणे, जेवण सुटणे, कशातच मन न लागणे किंवा जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास वस्तूंची आवराआवर बाजूला ठेवून तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

घर आवरताना 'हे टाकू का?' असे विचारण्याआधी 'हे कोणाचे?' असे विचारले, तर वाद कमी होतील. उत्तर ऐकायला थोडा वेळ लागेल. पण मनाला लागणारा आधार बहुधा त्या बोलण्यातच असतो.